डोक्यावर खडक असताना: जलगुहेत उतरण्याचे शिक्षण

विहिरीत किंवा पंचगंगेच्या डोहात पोहायला शिकलेल्या कोल्हापूरकराच्या अंगी एक सवय मुरलेली असते: दम संपत आला, की सरळ वर यायचे. पाण्याखालच्या गुहेत नेमकी हीच वाट बंद असते; म्हणून स्कुबा डायव्हिंगमध्ये मुरलेल्यालाही गुहेचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते. आपल्या बसाल्टाच्या प्रदेशात अशा गुहांची अपेक्षा नको. त्या मुख्यतः चुनखडकाच्या, म्हणजे फ्लोरिडा किंवा मेक्सिकोतील युकातानसारख्या प्रदेशांत आढळतात.

शेक एक्सली या अमेरिकी डायव्हरने १९७० च्या दशकात जीवघेण्या अपघातांची छाननी केली, तेव्हा तीच कारणे पुन्हा पुन्हा पुढे आली: बाहेरपर्यंत सलग दोरी नसणे, परतीपुरती हवा न राखणे आणि फार खोल उतरणे. नवशिक्याला आजही याच क्रमाने घडवतात, आणि बाहेरचा सूर्यप्रकाश दिसत राहील तेवढ्याच भागात त्याला नेतात.

हवेचा हिशेब कठोर आहे. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेली हवा मोकळी केली, तर सुमारे २४०० लिटर होते. २० मीटर खोलीवर दाब तिप्पट असल्याने, वर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला तिथे ६० लिटर लागते. आत जायला एक तृतीयांशच हवा वापरायची, म्हणजे जेमतेम १३ मिनिटे. अर्धी का नाही? अगदी आतल्या टोकाला जोडीदाराची टाकी निकामी झाली, तर उरलेल्या दोन भागांवर दोघांना बाहेर यायचे असते. घाबरलेला माणूस जास्त हवा घेतो, हे धरले तर तोही हिशेब काठावरच बसतो.

खरा शत्रू मात्र गाळ. दोन मायक्रॉन जाडीचा मातीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला तीन दिवसांहून अधिक घेतो, त्यामुळे पायपंखाच्या एका फटकाऱ्याने गढुळलेले पाणी त्या डुबकीत निवळणार नाही. पाय वरखाली न मारता गुडघ्यांत वाकवून बेडकासारखे मागे ढकलायला शिकवतात, ते यासाठीच; तरीही उच्छ्वासाचे बुडबुडे छताचा गाळ खाली पाडतातच. अशा वेळी विजेरीचा झोत गढूळपणावरच परततो आणि उपयोगी पडते ती फक्त बोटांत सैल धरलेली दोरी. म्हणूनच डोळे बांधून, आधी जमिनीवर आणि मग उघड्या पाण्यात, केवळ स्पर्शाने दोरीमागे जाण्याचा सराव करून घेतात. तारकर्लीत स्कुबा शिकून आलेल्यालाही हा धडा नवाच असतो.