घरच्या संगणकात पाणी : वॉटर कूलिंगच्या निर्णयाची पार्श्वभूमी

मे महिन्यात गोव्यात नवा संगणक जुळवून घेणारा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो : प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप) नळ्यांतून पाणी खेळवून थंड ठेवणारे वॉटर कूलिंग घ्यावे, की पंख्याचाच कूलर ठेवावा? या प्रश्नामागे दोन समजुती असतात. येथील उकाड्याला पाण्याशिवाय उपाय नाही, ही पहिली. आणि पावसाळ्यात त्या नळ्यांना घाम सुटून मदरबोर्ड जळेल, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत.

मोठ्या संगणकांत पाणी खेळवण्याची पद्धत 1960 च्या दशकापासून आहे आणि 1985 मध्ये तर एक महासंगणक विद्युतरोधक द्रवात बुडवूनच चालवला गेला. घरगुती यंत्रांना मात्र त्याची गरज नव्हती. 486 या जुन्या पिढीच्या सुरुवातीच्या प्रोसेसरांवर पुष्कळदा पंखाही नसे. पाणी घरात आले ते 1998 च्या सुमारास, आणि उन्हाळ्यामुळे नव्हे तर वेगाच्या हव्यासामुळे. त्या वर्षी आलेला 300 मेगाहर्ट्झचा स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर थोड्या खटपटीने 450 वर धावतो, हे लक्षात आल्यावर हौशी मंडळींनी मोटारीच्या हीटरचा रेडिएटर, माशांच्या टाकीचा पंप आणि घरी कोरलेला तांब्याचा ठोकळा एकत्र जोडून यंत्रे उभी केली. प्रोसेसरला त्याच्या ठरलेल्या वेगापलीकडे नेणे हा त्यांचा एकमेव हेतू होता, आणि हेतूचा हा भाग पुढच्या वीस वर्षांच्या जाहिरातींत हळूहळू पुसला गेला.

2004 साली पेंटियम 4 या प्रोसेसरच्या नव्या आवृत्तीची उष्णता 115 वॉटपर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षी एक महागडा डेस्कटॉप कारखान्यातूनच द्रवशीतन बसवून विक्रीस आला. त्यातील काही यंत्रे पुढे गळू लागली. आपल्याकडे तो गोवा सरकारच्या, विद्यार्थ्यांना संगणक देणाऱ्या सायबरएज योजनेचा काळ होता. अकरावीच्या मुलांच्या घरी प्रथमच संगणक येत होते आणि किनाऱ्यालगतच्या घरांतून ते दुरुस्तीसाठी आले की आतले दृश्य ठरलेले असे : हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या, उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये धूळ आणि खारा दमटपणा मिळून ओल्या वातीसारखा घट्ट थर बसलेला, कॅबिनेटचे स्क्रू गंजलेले आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली उष्णतावाहक थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी. ब्रश मारून पेस्ट बदलली की ऐन अभ्यासात यंत्र आपोआप बंद पडणे थांबे. उपाय इतका साधा होता, हे आजही आग्रहाने सांगावेसे वाटते. 2006 मध्ये 65 वॉटचे नवे प्रोसेसर आले आणि पाण्याची निकड काही वर्षे उरलीच नाही. 2009 च्या सुमारास कारखान्यातच भरून सीलबंद केलेले, पंपासकटचे संच लोकप्रिय झाले, तेव्हा ‘वॉटर कूलिंग’ हा शब्द हौशी मंडळींच्या टेबलावरून दुकानाच्या काचेमागे गेला.

खरा गुंता या शब्दातच आहे. पाणी उष्णता नष्ट करत नाही, ते ती वाहून नेते. प्रोसेसरवरच्या तांब्याच्या पट्टीवरून घेतलेली उष्णता रेडिएटरपर्यंत नेली जाते आणि तिथे पंखेच ती खोलीतील हवेला देतात. म्हणजे ‘पाण्याचा’ कूलरही अखेरीस हवेवरच चालतो. याउलट ज्याला आपण ‘हवेचा’ कूलर म्हणतो, त्यातील तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये बहुधा थोडेसे पाणीच असते. ते तळाशी उकळते, वाफ होऊन वर जाते, पात्यांपाशी थंड होऊन परत येते, आणि त्याला पंप लागत नाही. दोन्हीकडे पाणी आहे आणि दोन्हीकडे हवा आहे. फरक उष्णता किती दूर न्यायची आणि किती मोठ्या पृष्ठभागावर पसरायची एवढाच. हे एकदा ध्यानात आले की दोन्ही समजुती गळून पडतात. खोलीत 32 अंश असताना यांपैकी कोणताही कूलर त्याखाली उतरू शकत नाही. 20 अंशांच्या खोलीत केलेल्या परदेशी चाचणीतील 60 अंश आपल्याकडे साधारण 72 होतात, मग कूलर कोणताही असो. घामाचेही तसेच. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो, गरम चहाच्या पेल्याला सुटत नाही, आणि या नळ्यांतील पाणी नेहमी खोलीपेक्षा गरमच असते. पाणी मुद्दाम गार करणारा चिलर जोडला तरच आपल्या आषाढातल्या हवेत धोका संभवतो.

पाण्याला तापायला वेळ लागत असल्यामुळे पहिल्या काही मिनिटांतले आकडे फार देखणे दिसतात, आणि खरेदी पुष्कळदा त्या आकड्यांवरच होते. झीज मात्र कोणी दाखवत नाही. सीलबंद संचातही नळीच्या रबरातून पाणी वर्षानुवर्षे सूक्ष्म प्रमाणात उडत राहते. माझ्या भावाच्या संगणकातील असा संच उघडला तेव्हा तांब्याच्या पट्टीवरील केसाएवढे बारीक खाचे पांढुरक्या साक्याने भरलेले होते. पंप चालू होता, पाणी पुढे सरकत नव्हते. पुष्कळ संचांत पट्टी तांब्याची आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो, त्यामुळे आतील द्रवात गंजरोधक मिसळलेले असते. तिथे विहिरीचे किंवा नळाचे पाणी भरणे म्हणजे दोन धातूंना एकमेकांना खायला लावणे होय.

2022 पासून प्रश्नाला नवे वळण मिळाले. काही वरच्या श्रेणीतील प्रोसेसर भर कामात 95 अंशांपर्यंत चढण्यासाठीच आखले गेले, काहींची विजेची कमाल ओढ 253 वॉटपर्यंत गेली, आणि ग्राफिक्स कार्ड एकटेच 450 वॉट घेऊ लागले. तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला अशा प्रोसेसरवर मोठा रेडिएटर लावण्यास सबळ कारण आहे, हे मान्य करावे लागते. अभ्यास, हिशेब आणि संध्याकाळचा खेळ एवढेच काम असलेल्या घरात, विशेषतः समुद्राजवळच्या, मी दोन पंख्यांचा उभा हवेचा कूलरच बसवीन आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, तो ब्रशने साफ करीन. पंखा बिघडलाच तर तो म्हापशात किंवा मडगावात त्याच दिवशी मिळतो. पंप बिघडला तर संपूर्ण संच बदलावा लागतो. शिवाय 500 वॉट ओढणारे यंत्र कोणत्याही कूलरने तेवढीच उष्णता खोलीत सोडते, म्हणून कूलर निवडण्याआधी टेबल खिडकीपाशी नेऊन यंत्राची पाठ बाहेरच्या बाजूला करून पाहावी.