आई जवळ असली की पिल्लू भीती शिकत नाही

घरात मारहाण झाली, अपघात झाला, की नातेवाईक आईची समजूत घालतात, ‘लेकरू लहान आहे, विसरून जाईल.’ लेकरू मात्र रात्री दचकून उठतं, भांडं पडलं तरी कानांवर हात ठेवतं, सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय पुन्हा लागते. मग कुणीतरी म्हणतं, धसका घेतलाय, उतारा करा. मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्या आजीची माया खरी, पण भेदरलेल्या पोराला मांत्रिकापुढे बसवणं हा छळ आहे.

मानसशास्त्रज्ञाकडे आलेल्या आईला वाटतं, आता मुलाला तपासतील. पण अनेकदा पहिला प्रश्न तिलाच येतो, ‘तुम्हाला झोप लागते का?’ असं का, ते उंदराच्या पिल्लांनी फार सुंदर दाखवलं आहे.

अमेरिकेतल्या रेजिना सलिव्हन आणि स्टेफनी मोरिसो यांनी 2006 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. बारा दिवसांच्या पिल्लाला पेपरमिंटचा वास द्यायचा आणि सोबत विजेचा हलका झटका. एकटं पिल्लू त्या वासाला घाबरायला शिकतं. आई शेजारी असेल तर मात्र शिकत नाही, उलट त्या वासाकडे ओढलं जातं! बरं, ही आई काही करतही नव्हती, भूल देऊन झोपवलेली होती. तिचं नुसतं असणं पुरेसं होतं.

कारण रसायनात आहे. झटका बसला की एकट्या पिल्लाच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात नॉरएपिनेफ्रिन हे सावध करणारं रसायन वाढतं, तिथून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला आणि पिट्युटरीकडून मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला निरोप जातो, आणि रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक उतरतं. ते अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीच्या केंद्रापर्यंत पोचलं की भीतीची नोंद होते. आई जवळ असली की ही साखळी पहिल्याच कडीला थांबते. याचा पुरावाही चोख आहे: आई शेजारी असतानाच अमिग्डालात बाहेरून कॉर्टिकोस्टेरॉन सोडलं, तर पिल्लू भीती शिकतंच. पंधराएक दिवसांचं वय उलटलं की आईची ही ढाल चालेनाशी होते.

पण आईच घाबरलेली असेल तर? 2014 मध्ये याचं उत्तर मिळालं. गर्भार राहण्याआधीच पेपरमिंटची धास्ती बसवलेल्या माद्यांच्या शरीरातून त्या वासासरशी भीतीचा गंध सुटला, आणि कधीही झटका न खाल्लेली त्यांची पिल्लं पेपरमिंटला घाबरू लागली.

माणसाचं मूल म्हणजे उंदराचं पिल्लू नव्हे. पण दीड वर्षाच्या मुलांमध्येही दिसलं आहे की ज्यांचा आईवर पक्का भरवसा आहे, त्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे माणसातलं ताणाचं संप्रेरक, अनोळखी, भीतिदायक गोष्टीपुढे आई सोबत असताना फारसं चढत नाही. म्हणूनच सॅन फ्रान्सिस्कोतल्या मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलिशिया लिबरमन आई आणि मूल दोघांना एकाच खोलीत बसवतात. मूल खेळण्यातल्या बाहुल्यांची मारामारी लावतं. आईला तिथून उठून जावंसं वाटतं. मानसशास्त्रज्ञ तिला बसून राहायला मदत करतात आणि बोलायलाही, ‘तू घाबरला होतास ना? मीपण घाबरले होते.’ हे आठवड्यातून एकदा, जवळजवळ वर्षभर चालतं. एका बैठकीत आघात ‘रिलीज’ करून देणाऱ्यांच्या जाहिराती पाहिल्या की म्हणूनच संताप येतो.

घरातला हिंसाचार पाहिलेली तीन ते पाच वर्षांची 75 मुलं आणि त्यांच्या आया यांच्यावरचा लिबरमन यांचा अभ्यास 2005 मध्ये आला. हे उपचार घेतलेल्या मुलांमध्ये आघाताची लक्षणं तुलनेतल्या गटापेक्षा जास्त घटली. आणि त्यांच्या आयांचं, त्या आठवणींपासून पळणं कमी झालं.