आजोबांचं पिस्तूल साफ करायचंय? आधी त्याचे कागद बघा

पेठेतला वाडा पाडायला निघाला की माळ्यावरच्या ट्रंकेत हमखास काहीतरी सापडतं. कधी ठासणीचं (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायचं) पिस्तूल, कधी जुनं रिव्हॉल्व्हर. नवशिक्यांना अशी हत्यारं सोडवून साफ कशी करायची ते मी शिकवतो. पण स्क्रू ड्रायव्हर हातात देण्याआधी माझा प्रश्न एकच असतो: कागद आहेत का?

शस्त्र अधिनियम 1959 नुसार पिस्तूल जवळ ठेवायला परवाना लागतो आणि तो काढायला वयाची 21 वर्षं पूर्ण असावी लागतात. परवानाधारक वारला की हत्यार घरात तसंच ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची आणि मग वारसाने अर्ज करायचा. परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली असेल किंवा हत्यार 25 वर्षं त्याच्याकडे असेल, तर त्याच्या हयातीतही ते वारसाच्या नावे करता येतं. मात्र 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात, आणि वारशाने आलेली त्यातच मोजली जाते.

अर्ज ए-1 नमुन्यात, शस्त्र परवान्यांच्या एनडीएएल-एएलआयएस या सरकारी पोर्टलवर भरायचा. पुणे शहरात राहत असाल तर परवाना पोलीस आयुक्त देतात. पिंपरी-चिंचवडला 2018 पासून वेगळं आयुक्तालय आहे आणि ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी. सोबत मूळ परवाना, मृत्यू दाखला, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, फोटो, वैद्यकीय प्रमाणपत्र, जमा पावती आणि बाकी सगळ्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडा. अर्ज अडतो तो बहुधा याच शेवटच्या कागदावर. परदेशातल्या बहिणीची सही आधीच मागवून ठेवा. पुढे स्थानिक ठाण्याकडून चौकशी होते.

ट्रंकेतल्या हत्याराचा परवानाच सापडला नाही, तर ते पिशवीत घालून ठाण्यावर नेऊ नका. जिथे आहे तिथेच राहू द्या, ठाण्याला कळवा आणि लेखी पोच घ्या.

अगदी जुन्या हत्यारांना सवलत आहे. दुरुस्त करूनही गोळी झाडता येणार नाही अशा कालबाह्य शस्त्राला कलम 45 मधून सूट मिळते. 2020 च्या नियमदुरुस्तीने भारतीय नागरिकाला ‘क्युरिओ’ (संग्रहात ठेवण्याजोग्या जुन्या वस्तू) वर्गातलं हत्यार नुसतं जवळ ठेवायला परवाना लागत नाही. वापरायला, घेऊन फिरायला किंवा हलवायला मात्र लागतो. आपलं हत्यार या वर्गात बसतं का, हे स्वतःच ठरवू नका. परवाना शाखेला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आता सफाईचं. घरच्या वैध हत्याराला तेलपाणी करता येतं. दुसऱ्याच्या हत्याराची व्यवसाय म्हणून दुरुस्ती करायला वेगळा परवाना हवा. ठासणीच्या पिस्तुलात जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. गज नळीत अलगद सोडा, तोंडापाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. खूण नळीच्या तोंडाशी धरली की गजाचं टोक कानाच्या छिद्रापर्यंत (जिथून बार पेटवतात) पोचायला हवं. बोट-दोन बोटं कमी पडली तर नळी भरलेली आहे असं समजा. तसंच ठेवा आणि ठाण्याला कळवा.

आणि सँडपेपर नको. एकाने गंज काढायच्या नादात नळीवरची कारागिराची अक्षरंच घासून टाकली होती. मऊ फडकं, थोडं हलकं तेल, पुण्याच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं.