राग आवरणं आणि राग गिळणं

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आवाज चढलेला नाही, हात उगारलेला नाही, लोक म्हणतात ‘काय शांत माणूस आहे!’ पण राग आवरणं वेगळं आणि गिळणं वेगळं. प्रयत्न कुठल्या टप्प्यावर केला, यावर ते ठरतं.

आधी प्रसंग घडतो, मग आपलं लक्ष त्यातल्या एखाद्या गोष्टीवर जातं, मग आपण तिचा अर्थ लावतो, आणि त्यानंतर छाती धडधडते, कान तापतात. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली हीच साखळी धरून दोन पद्धती तपासल्या: अर्थ लावतानाच वेगळा विचार करणं, आणि भावना उसळल्यावर चेहऱ्यावर येऊ न देणं. पहिली म्हणजे आवरणं, दुसरी गिळणं. दुसऱ्या पद्धतीत चेहरा शांत राहतो, पण आतली भावना कमी होत नाही, शरीरावरचा ताण मात्र वाढतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मेंद्रियं रोखून धरून मनात विषयच घोळवत बसणाऱ्याला मिथ्याचारी, म्हणजे ढोंगी, म्हटलंय, तेही याच जातीचं निरीक्षण.

रात्री साडेअकराला सहकाऱ्याचा मेसेज येतो: ‘अजून झालं नाही?’ गिळणारा ‘सॉरी, बघतो’ असं टाइप करतो, दात आवळतो आणि दीडपर्यंत अंथरुणात मनातल्या मनात त्याला सुनावत राहतो. चार दिवसांनी मीटिंगमध्ये भलत्याच विषयावर टोमणा मारतो. आवरणारा फोन पालथा ठेवतो. हा आरोप आहे की घाबरून विचारलेला प्रश्न, हे स्वतःला विचारतो. सकाळी लिहितो, ‘बारापर्यंत देतो. रात्री दहानंतरचे मेसेज मी सकाळीच बघतो.’ म्हणजे आवरणारा गप्प बसला नाही, त्यानं फक्त वेळ आणि शब्द निवडले. ओळखायची सोपी खूण हीच: आवरलेला राग कधी ना कधी सरळ वाक्यात बोलला जातो, गिळलेला आडून बाहेर पडतो.

सराव करताना बहुतेकांचा संकल्पच चुकतो. ‘आजपासून चिडायचं नाही’ हे पाळायचं तर आपण चिडतोय का, हे सतत तपासावं लागतं, आणि त्या तपासण्यातच राग डोक्यात राहतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेल्यांच्या मनात ते अस्वल पुन्हापुन्हा येत राहिलं. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी अभ्यासलेला ‘जर-तर’चा संकल्प बरा: ‘कुणी माझं वाक्य मध्येच तोडलं, तर मी पाय जमिनीवर टेकवून एक श्वास पूर्ण सोडीन आणि मग बोलेन.’ प्रसंग एकच घ्या आणि कृती दिसेल अशी ठेवा. ‘शांत राहीन’ ही कृती नव्हे. एका वेळी एकच संकल्प. पाच घेतले की पाचही सुटतात. आणि ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे गणित सोडून द्या. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागले, मध्यक ६६, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. आणि तिथे सवयी होत्या खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या. रागाला त्याहून कमी वेळ लागेल अशी आशा धरू नये.

आवरण्यातही एक फसगत आहे. ‘त्याचा हेतू तसा नसेल’ हे पहिल्यांदा समजूतदारपणाचं असतं. तोच माणूस तेच दहाव्यांदा करत असेल आणि आपण अजून हेच म्हणत असू, तर ते गिळणंच, फक्त नाव चांगलं दिलेलं. अशा वेळी अर्थ बदलायचा नसतो, प्रसंग बदलायचा असतो: स्पष्ट नकार, लेखी तक्रार, नाहीतर अंतर.

उलट कधीकधी तात्पुरतं गिळणंच योग्य. गाडी चालवताना, कडेवर मूल असताना किंवा समोरचा दारू प्यालेला असताना भावनेचं विश्लेषण करत बसू नये. मात्र त्याच दिवशी दहा मिनिटं काढून काय झालं, कशाचा राग आला आणि कुणाशी काय बोलायचंय, एवढ्या तीन ओळी कागदावर लिहाव्यात. तिसरी ओळ रिकामी राहिली तरी चालेल. पहिल्या दोन टाळू नयेत.