इन्फर्मेशन थिअरीत पीएचडी : आयआयटी मुंबईची अर्ज प्रक्रिया

क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या शोधनिबंधातून उभ्या राहिलेल्या इन्फर्मेशन थिअरीसाठी (माहिती मोजणे, साठवणे व पाठवणे यांच्या गणिती अभ्यासासाठी) आयआयटी मुंबईत स्वतंत्र प्रवेश नसतो. अर्ज इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग विभागाकडे करावा लागतो आणि त्यात कम्युनिकेशन व सिग्नल प्रोसेसिंग ही शाखा निवडावी लागते. ही भरती साधारणपणे वर्षातून दोनदा होते.

एम.टेक. किंवा एम.ई. झालेले उमेदवार अर्ज करू शकतात. बी.टेक. नंतर थेट येणाऱ्यांकडे वैध गेट गुणांकन असणे सहसा आवश्यक असते. हे गुणांकन निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरले जाते. किमान गुणांची अट आणि आरक्षित प्रवर्गांची सवलत त्या सत्राच्या माहितीपत्रकातूनच पाहावी.

कागदपत्रांत सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, गेटचे गुणपत्रक आणि लागू असल्यास जातीचा दाखला लागतो. महाराष्ट्रातील ओबीसी उमेदवारांनी येथे विशेष दक्षता घ्यावी : राज्याच्या नमुन्यातील दाखला पुरेसा नसून केंद्र सरकारच्या नमुन्यातील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते, शिवाय आपली जात केंद्रीय यादीतही असावी लागते. तहसील कार्यालयातून हे प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट न पाहता आधीच अर्ज करावा.

सर्वांत जास्त मेहनत संशोधनविषयक निवेदनावर घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. ‘मला इन्फर्मेशन थिअरीत रस आहे’ एवढ्याने वाचणाऱ्या प्राध्यापकांना काहीच कळत नाही. रिले चॅनलची, म्हणजे मध्ये मदतनीस केंद्र असलेल्या संदेशमार्गाची, क्षमता (त्यातून बिनचूक पाठवता येणाऱ्या माहितीची कमाल मर्यादा) सर्वसाधारण स्वरूपात अजूनही अज्ञात आहे; तुर्की संशोधक एर्दाल अरिकान यांनी २००९ मध्ये मांडलेले पोलर कोड (संदेशातील चुका दुरुस्त करणारी संकेतपद्धती) आज फाइव्ह-जीच्या नियंत्रण चॅनलमध्ये वापरले जातात. अशा एखाद्या प्रश्नाजवळ आपण कसे पोहोचलो, काय वाचले आणि कुठे अडलो, हे लिहावे. विभागातील प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचून मगच त्यांची नावे पसंतीक्रमात द्यावीत.

लेखी चाचणी व मुलाखतीत संभाव्यता, रँडम प्रोसेसेस आणि रेषीय बीजगणित यांची पक्की तयारी लागते. उदाहरणार्थ, ज्या द्विमान चॅनलमध्ये प्रत्येक बिट ०.११ संभाव्यतेने उलटतो, त्याची क्षमता प्रत्येक वापरामागे जवळपास अर्धा बिट का येते, हे फळ्यावर मांडून दाखवता आले पाहिजे.