मूल झोपल्यावर आवरलेलं घर

लहान मूल असलेल्या अनेक घरांत आवराआवर होते ती मूल झोपल्यावर. विखुरलेले ठोकळे, टोपण हरवलेले पेन, पालथी पडलेली पुस्तकं आई किंवा बाबा गुपचूप जागेवर ठेवतात. मूल जागं असताना तेच काम करायला दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण सकाळी मुलाला दिसतं ते आपोआप नीटनेटकं झालेलं घर. आवरणारे हात त्याने पाहिलेलेच नसतात. त्याच्या वाट्याला येतं फक्त 'पसारा आवर' हे फर्मान.

अडचण नेमकी इथेच आहे, असं मला वाटतं. मूल पाहून शिकतं हे खरं, पण त्यासाठी पाहायला काही मिळायला हवं.

हे पाहणं किती बारकाईचं असतं? मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ महिन्यांच्या बाळांसमोर एक मोठा माणूस वाकून पेटीला कपाळ लावत असे आणि पेटीतला दिवा लागत असे. बाळांना तेव्हा पेटीला हात लावू दिला नाही. आठवड्याने ती समोर ठेवली, तर बऱ्याच बाळांनी वाकून कपाळच लावलं! २००२ साली ज्योर्जी गेर्गेय आणि सहकाऱ्यांनी याच प्रयोगात एक बदल केला. मोठ्या माणसाचे हात अंगावरच्या पांघरुणात गुंतलेले असतील, तर २१ टक्केच बाळांनी कपाळ लावलं. हात मोकळे असूनही त्याने कपाळ वापरलं, तेव्हा ६९ टक्के बाळांनी त्याचं अनुकरण केलं. म्हणजे बाळं नुसती नक्कल करत नव्हती, त्या माणसाला तसं करणं भाग होतं की नव्हतं हेही हेरत होती. घरात याचा अर्थ मी असा लावते: दोन्ही हात भरलेले होते म्हणून चप्पल वाटेत राहिली, तर मूल ते समजून घेईल. हात मोकळे असताना ती रोजच वाटेत राहत असेल, तर तीच घरची रीत ठरेल.

मग सांगण्याला काहीच किंमत नाही का? जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक यांनी १९७० साली हेच तपासलं. शाळकरी मुलांसमोर एक मोठा माणूस खेळात बक्षीस जिंकायचा. कधी तो त्यातला वाटा गरजूंसाठी द्यायचा, कधी नाही. आणि बोलताना कधी दानाची थोरवी सांगायचा, कधी उलट बोलायचा. मुलांनी प्रत्यक्षात दिलं की नाही, हे त्याच्या बोलण्यावर नव्हे, करण्यावर ठरलं. आडात नाही ते पोहऱ्यात आलं नाही.

कष्ट दिसण्याचं मोल सांगणारा एक सुंदर प्रयोग ज्युलिया लेनर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. १५ महिन्यांच्या काही बाळांनी मोठ्या माणसाला खटपट करून डब्यातून खेळणं काढताना पाहिलं, काहींनी तेच काम चुटकीसरशी होताना पाहिलं. नंतर दोन्ही गटांना न वाजणारं एक खेळणं दिलं. खटपट पाहिलेल्या बाळांनी त्याचं बटण जास्त वेळा दाबून पाहिलं. म्हणून कपाटात न मावणारी चादर मुलासमोरच पुन्हा उलगडून घडी घालावी, आणि 'हं, आता मावली' असं मोठ्याने म्हणावं.

शिवाय मुलांना हातभार लावायची हौस असतेच. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांना दीड वर्षाची मुलं अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू आपणहून उचलून देताना दिसली. पुढच्या प्रयोगात २० महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल खेळणं दिलं, तर नंतर त्यांची मदत कमी झाली. आवरल्याबद्दल खाऊ कबूल करण्याआधी हे आठवावं.

सवय मुरायला वेळ लागतो. लंडनमध्ये फिलिपा लाली यांनी ९६ प्रौढांवर केलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. थकलेल्या रात्री ठोकळे तसेच राहिले तर राहू द्यावेत. सकाळी मूल उठेल, तेव्हा त्याच्या शेजारी बसून ते डब्यात टाकता येतील.