शालेय स्पर्धांवरील कौटुंबिक चित्रपट

शब्दलेखन, गणित, वादविवाद, विज्ञान प्रदर्शन, प्रश्नमंजुषा किंवा प्रवेश परीक्षा अशा अभ्यासाशी निगडित स्पर्धेत, ज्याच्याकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवलेली नाही असे मूल उतरते आणि शेवटच्या फेरीपर्यंत मजल मारते, असे कथानक असलेल्या व घरच्या सर्वांनी एकत्र बसून पाहावयाच्या चित्रपटांचा हा वर्ग आहे. त्याची घडण खेळांवरील चित्रपटांसारखीच असते: बेताची परिस्थिती, एखादा कडक शिक्षक, मधला पराभव आणि अखेरची लढत. फरक एवढाच, की खेळात धावणारे शरीर दिसते, तर येथे काम डोक्याचे असते, आणि विचार करणारा माणूस पडद्यावर बहुधा नुसता बसलेला दिसतो. या प्रकारचे बरेवाईट यश ही अडचण कशी सोडवली जाते यावर ठरते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील शालेय स्पर्धांचे जग इतके भरगच्च असूनही त्यावर या धाटणीचे चित्रपट का निघाले नाहीत, याचे एक कारणही येथेच सापडते.

ही अडचण सर्वांत सहज सुटते ती शब्दलेखनाच्या स्पर्धेत. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पेलिंग बी १९२५ मध्ये सुरू झाली. स्पर्धक एकेक करून ध्वनिवर्धकासमोर येतो, शब्द ऐकतो, त्याचा अर्थ, मूळ भाषा आणि वाक्यातील उपयोग विचारू शकतो, आणि अक्षर चुकले की घंटा वाजते. मंच, प्रेक्षक, घंटा आणि मान खाली घालून बाहेर पडणारे मूल, हे सारे नाट्य नियमांतच असल्याने दिग्दर्शकाला वेगळे काही रचावे लागत नाही. जेफ्री ब्लिट्झ यांच्या ‘स्पेलबाउंड’ (२००२) या माहितीपटाने १९९९ च्या स्पर्धेतील आठ मुलांचा माग काढला; त्यांपैकी नूपुर लाला ही भारतीय वंशाची मुलगी त्या वर्षी विजेती ठरली. डग अ‍ॅचिसन यांच्या ‘अकीला अँड द बी’ (२००६) मधील, दक्षिण लॉस एंजेलिसच्या वस्तीत राहणारी अकरा वर्षांची मुलगी दोरीच्या उड्या मारत अक्षरे पाठ करते. पाठांतराला ताल लागतो, हे पाढे म्हणत मोठ्या झालेल्या मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. या चित्रपटात अखेर दोन्ही अंतिम स्पर्धक एकमेकांसाठी मुद्दाम शब्द चुकवतात आणि विजेतेपद वाटून घेतात. हा शेवट गोडमिट्ट वाटतो खरा. पण प्रत्यक्ष स्पर्धेत २०१४ पासून सलग तीन वर्षे दोन-दोन आणि २०१९ मध्ये तर आठ सहविजेते जाहीर झाले, हेही लक्षात घ्यावे लागते.

लेखी परीक्षेत असे काही घडत नाही, म्हणून तिच्यावरील चित्रपटाला प्रतिस्पर्धी बाहेरून आणावा लागतो. ‘स्टँड अँड डिलिव्हर’ (१९८८) हे याचे उत्तम उदाहरण आहे. पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफील्ड हायस्कूलचे गणितशिक्षक हायमे एस्कलांते यांचे १८ विद्यार्थी १९८२ मध्ये कलनशास्त्राच्या प्रगत परीक्षेत उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांपैकी १४ जणांच्या उत्तरपत्रिकांबद्दल परीक्षा घेणाऱ्या संस्थेने संशय घेतला. १२ जणांनी परीक्षा पुन्हा दिली आणि ते सर्व पुन्हा उत्तीर्ण झाले. गरिबाघरच्या पोरांना गुण पडले म्हणजे त्यांनी कॉपीच केली असणार, हा समज येथे खलनायकाचे काम करतो. पेपर सोडवण्याच्या दृश्यापेक्षा हा संशय कितीतरी अधिक नाट्यपूर्ण आहे.

या वर्गातील पुष्कळ चित्रपट सत्य घटनांवर आधारलेले असतात आणि सत्याला थोडी मुरडही घालतात. ‘द ग्रेट डिबेटर्स’ (२००७) मध्ये टेक्सासमधील वायली कॉलेजचा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा संघ हार्वर्डला हरवतो. १९३५ मध्ये त्या संघाची गाजलेली लढत प्रत्यक्षात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी झाली होती. प्रेक्षकाला माहीत असलेले नाव वापरण्याची ही सोय आहे. ‘ऑक्टोबर स्काय’ (१९९९) मध्ये कोळसा खाणीतील कामगारांच्या गावातला होमर हिकम अग्निबाण तयार करून राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनापर्यंत पोहोचतो. तेथे खरी लढत प्रदर्शनातली नसून, मुलाने खाणीतच उतरावे असे मानणाऱ्या बापाशी आहे. मीरा नायर यांच्या ‘क्वीन ऑफ काट्वे’ (२०१६) चा विषय बुद्धिबळ असल्याने तो या वर्गाच्या सीमेवर येतो.

हिंदीत ‘निल बटे सन्नाटा’ (२०१६) ने वेगळी वाट काढली. धुणीभांडी करणारी आई मुलीच्याच वर्गात नाव घालते आणि गणितात तिच्याशी पैज लावते, म्हणजे प्रतिस्पर्धी घरातच आणला जातो. ‘सुपर ३०’ (२०१९) मात्र प्रवेश परीक्षेवर असूनही बराच वेळ मारामारीत घालवतो. उत्तरपत्रिका पडद्यावर रंगत नाही, याची ती कबुलीच म्हणावी लागेल.

सातारा व सांगलीकडे वळताना प्रथम तेथील स्पर्धा कोणत्या, ते पाहिले पाहिजे. घरोघरी चर्चा असते ती शिष्यवृत्ती परीक्षेची, जी पूर्वी चौथी व सातवीला होती आणि २०१७ मध्ये पाचवी व आठवीला घेण्यात आली. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण, वेळ दीड तास असे तिचे स्वरूप ठरले. त्याखेरीज नवोदय प्रवेश परीक्षा आहे (सांगली जिल्ह्याचे नवोदय विद्यालय पलूसला आहे), आणि सातारा हे तर देशातील पहिल्या सैनिक शाळेचे गाव. ती २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. या साऱ्या परीक्षा पर्यायी उत्तरांच्या आहेत. शाळा सुटल्यावरचे जादा तास, सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, बुद्धिमत्ता चाचणीतील आरशातल्या प्रतिमा आणि दिनदर्शिकेची कोडी, यांत मुलांचे अख्खे वर्ष जाते. परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर पालक डबा आणि पाण्याची बाटली घेऊन थांबतात. आत पोरगे काळ्या बॉलपेनने वर्तुळे रंगवत असते, आणि एक प्रश्न सोडून पुढे गेल्यावर वर्तुळांची रांग चुकली, तर ते निकालापर्यंत कोणाला कळतही नाही. घंटा वाजते ती सर्वांसाठी एकदमच. चित्रपटाला जो क्षण हवा असतो तो येथे घडतो, पण त्याला साक्षीदार नसतो.

मंचावरच्या स्पर्धाही येथे आहेतच. वक्तृत्व, कथाकथन, पाठांतर, प्रश्नमंजुषा आणि बालनाट्य यांची परंपरा दोन्ही जिल्ह्यांत जुनी आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ ज्या सांगलीत रंगवले, तेथे मुलांना मंचाचे भय कमी असावे असे म्हणायला हरकत नाही. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत चिठ्ठीने क्रमांक ठरतो, ‘सन्माननीय व्यासपीठ’ या शब्दांनी भाषण सुरू होते, वेळ संपत आल्याची पहिली घंटा आणि थांबण्याची दुसरी घंटा होते, आणि सरांनी लिहून दिलेले भाषण मध्येच विसरलेले पोर खिडकीकडे पाहत उभे राहते. ही सामग्री स्पेलिंग बीच्या तोडीची आहे. या भूमीतील एक खरी कथाही तयारच आहे: देवराष्ट्रे येथे जन्मलेले, लहानपणीच वडील गेलेले आणि कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकणारे यशवंतराव चव्हाण पुण्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिले आले, ती हकीकत ‘कृष्णाकाठ’ या त्यांच्या आत्मचरित्रात आली आहे. उलट उदाहरण द्यायचे, तर शेटफळेचे ग. दि. माडगूळकर मॅट्रिकला गणितात अडकले आणि चित्रपटसृष्टीकडे वळले; मराठी पडद्याचा त्यात फायदाच झाला.

अमेरिकी चित्रपटांतील एकटा मूल आणि एकटा गुरू ही जोडी मात्र येथे जशीच्या तशी बसत नाही. भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत मुले अंगमेहनत करून शिकत. माण, खटाव किंवा जतसारख्या दुष्काळी भागातून वर आलेल्या मुलाच्या मागे असे वसतिगृह, एखादी संस्था किंवा शाळेतील सगळे गुरुजी असतात, आणि यशाचा मान वाटला जातो. त्यामुळे अखेरच्या लढतीत एकट्याचा चेहरा मोठा करून दाखवण्याची रीत या अनुभवाशी थोडी विसंगत ठरते.

मराठी चित्रपटाने बहुधा म्हणूनच स्पर्धेपेक्षा शाळेवर व घरावर भर दिला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘दहावी फ’ (२००२) मध्ये मागे पडलेल्यांची तुकडी केंद्रस्थानी आहे. या वर्गाला मराठीत सर्वांत जवळचा चित्रपट हाच. महेश मांजरेकरांच्या ‘शिक्षणाच्या आईचा घो’ (२०१०) मध्ये क्रिकेटवेडा मुलगा आणि गुणांच्या मागे लागलेला बाप यांचा संघर्ष आहे. परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) मधला ज्ञानेश हुशार आहे, न्यूटनला मानतो, पण त्याला झगडावे लागते ते सायकल विकली जाऊ नये म्हणून. वाईच्या घाटांवर व मेणवलीत चित्रीकरणे पुष्कळ झाली. ‘स्वदेस’ (२००४) मध्ये मेणवली हे उत्तर प्रदेशातील गाव झाले आणि त्याचा नायक दारोदार फिरून मुलांना शाळेत घालण्याची विनवणी करतो. मराठी विश्वकोशाचे कार्यालय असलेल्या वाईला ही भूमिका करावी लागली, ही गंमतच.

या वर्गावरील आक्षेपांपैकी एकाच विजेत्यावर प्रकाशझोत राहतो हा सर्वपरिचित आहे. त्याहून गंभीर आक्षेप शेवटाविषयी आहे. चित्रपट बक्षिसापाशी थांबतो, तर नवोदय किंवा सैनिक शाळेत निवड होणे म्हणजे सहावीच्या मुलाने घर सोडणे असते. आईवडिलांनी पेढे वाटल्यानंतर लोखंडी पेटी, नाव घातलेले कपडे आणि महिन्याकाठी एखादी भेट यांचा जो भाग सुरू होतो, तो या प्रकारच्या चित्रपटांनी जवळजवळ हाताळलेलाच नाही.